बर्फात पळायचं तर ओल सांभाळा

भाचा पहिल्यांदा माझ्याबरोबर बर्फात पळायला निघाला, तेव्हा त्याच्या अंगावर काय काय आहे ते मी दारातच मोजलं. आत सुती बनियन, त्यावर सुती टीशर्ट, त्यावर जाड स्वेटशर्ट, त्यावर आणखी एक, आणि सगळ्यांत वर मांडीपर्यंत येणारं पिसांचं जाकीट. बाहेर उणे ६ होतं आणि वारा अगदी पडलेला. मी म्हटलं, "अरे, ते जाकीट काढून ठेव. एक स्वेटशर्टही काढ." तो म्हणाला, "मावशी, खिडकीतून बघ तरी एकदा! सगळं पांढरं झालंय आणि तू मला कपडे काढायला सांगतेस?" मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

सातव्या-आठव्या मिनिटाला त्याचा चेहरा लालबुंद झाला. पंधराव्या मिनिटाला जाकीट कमरेला बांधलं गेलं आणि त्याच्या पाठीतून अशी वाफ निघायला लागली की समोरून चालत येणाऱ्या एक बाई थांबून बघतच राहिल्या. तोवर मजा चालली होती. मग त्याच्या बुटाची नाडी सुटली. गोठलेली नाडी लवकर बसत नाही, त्यामुळे तीन-चार मिनिटं आम्ही एका जागी उभे राहिलो, आणि तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले. घर अजून दोन किलोमीटर होतं. माझं वरचं जाकीट मी त्याच्या अंगावर चढवलं आणि आम्ही न थांबता भरभर चालत घरी आलो. तिथे त्याने बनियन काढून पिळला तर मोरीत सरळ धार लागली.

बर्फातल्या पळण्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्या बनियनबद्दल सांगते. मी गेले अकरा हिवाळे बर्फात पळते आहे आणि माझं मत पक्कं झालंय: थंडी कपड्यांनी आवरता येते, ओल आवरत नाही. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. अंगाला चिकटलेला ओला कपडा म्हणजे अंगातली ऊब बाहेर काढून देणारी नळीच. पळत असता तोवर शरीर नवी ऊब तयार करत राहतं, म्हणून काही कळत नाही. थांबलात की हिशेब उलटा होतो. पुढे कपडे, बूट, रस्ता यांबद्दल जे काही सांगणार आहे, त्यात ही ओल पुन्हापुन्हा येईल.

दारात थोडं कुडकुडलं पाहिजे

घरातून बाहेर पाऊल टाकल्यावर पहिली पाच मिनिटं जरा गार वाटलं, तर कपडे बरोबर आहेत. दारातच छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला, परत जा आणि काढून या. मनातल्या मनात तापमानात १० अंश मिळवायचे आणि त्या हवेत नुसतं फिरायला जाताना जे घातलं असतं ते घालायचं, हा पळणाऱ्यांमधला जुना ठोकताळा आहे. मला तो बहुतेक वेळा लागू पडतो. हळू पळणाऱ्यांनी १० ऐवजी ६-७ मिळवावेत.

अंगाला लागून जो थर असतो त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. तो पातळ हवा, अंगासरसा हवा आणि सुती तर नकोच नको. सूत घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. पॉलिएस्टरचा कपडा घाम बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि लवकर वाळतो. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते आणि तिला वासही कमी येतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. लांब आणि सावकाश पळायचं असेल तर लोकर, दामटून पळायचं असेल तर पॉलिएस्टर.

त्यावर दुसरा थर वारा अडवणारा. हा पाणी अडवणारा असलाच पाहिजे असं नाही, उलट पूर्ण पाणीबंद जाकिटात आतला घाम आतच राहतो आणि पाऊस आत पडल्यासारखं होतं. कोरड्या, थंड दिवशी पातळ विंडचीटर पुरतो. मात्र त्याला पुढून पूर्ण चेन हवी. पळताना ही चेन म्हणजे माझा थर्मोस्टॅट. चढ आला की खाली, उतार आला की वर, वारा लागला की गळ्यापर्यंत. घाम फुटायच्या आधी उघडायची, फुटल्यावर उघडून उपयोग नाही, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. तिसरा, मऊ आणि लवदार थर फक्त उणे १० च्या खाली.

पायांना इतकं लागत नाही, कारण मांड्या स्वतःच भट्टीसारख्या तापतात. एक जाडसर टाइट्स उणे १० पर्यंत चालते. पुरुषांना कुणी मोकळेपणाने सांगत नाही म्हणून मी सांगते: पुढच्या बाजूला वारा अडवणारं कापड असलेली अंतर्वस्त्रं मिळतात, ती घ्या. समोरून वारा असताना नुसत्या टाइट्सवर तासभर पळालेल्या माणसाला ती का लागतात ते समजावून द्यावं लागत नाही. भाच्याने दुसऱ्याच आठवड्यात घेतली.

हातांना बोटं वेगळी असलेल्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे कितीतरी गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मी आत पातळ बोटांचे आणि वर एकत्र बोटांचे असे दोन घालते. दहा मिनिटांत वरचे काढून खिशात जातात.

गळ्यात एक नळीसारखं पट्टीचं कापड, म्हणजे बफ, असू द्या. ते नाकावर ओढलं की श्वासातली वाफ त्यात धरली जाते आणि आत जाणारी हवा थोडी दमट, थोडी कोमट होते. पंधरा-वीस मिनिटांत ते भिजतं आणि कडक होतं. मग ते फिरवून कोरडा भाग पुढे घ्यायचा. आणि फुप्फुसं गोठतील ही भीती मनातून काढून टाका. नाक, घसा आणि श्वासनलिका यांतून जाईपर्यंत हवा तापते. कोरड्या हवेने घसा खवखवतो, पळून आल्यावर ढास लागते, ते खरं. दमा असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात दम लागायचं काम म्हणजे हृदयावर दुहेरी ताण.

वारा आधी अंगावर घ्या

थंड वाऱ्याचा हिशेब मुळात अंटार्क्टिकात झाला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी तिथे प्लास्टिकच्या नळकांड्यात भरलेलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं, आणि १९४५ साली ते प्रसिद्ध केलं. आज हवामानाच्या अंदाजात 'जाणवणारं तापमान' म्हणून जो आकडा थंडीत दिसतो त्याचं मूळ तिथे आहे. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये हे सूत्र बदललं. नव्या सूत्रासाठी माणसांना गार वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता किती जाते ते तपासलं होतं. आपल्यालाही चेहऱ्याचीच काळजी असते, त्यामुळे हा आकडा आपल्या कामाचा आहे.

आता आपण पळतो म्हणजे स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. समजा, थर्मामीटरवर उणे १० आहे, वारा ताशी २० किलोमीटर आणि तुमचा वेग ताशी १०. वाऱ्यावर तोंड करून पळालात तर चेहऱ्याला ३० चा वारा लागतो आणि साधारण उणे २० सारखं वाटतं. वारा पाठीशी घेतलात तर १० चाच उरतो आणि उणे १५ सारखं वाटतं. म्हणून जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, असाच रस्ता आखायचा. अंग कोरडं आणि ताजं असताना वारा सोसतो. शेवटी, घामाने पाठ ओली झाल्यावर तोच वारा समोरून आला तर भाच्याचं झालं तेच होणार. मी निघायच्या आधी दाराबाहेर उभी राहून तोंडातून वाफ सोडते आणि ती कुठे वाहते ते बघते. मोबाइलवरच्या बाणापेक्षा मला ते जास्त खरं वाटतं, कारण दोन घरांच्या मधून वारा कसा वळतो ते मोबाइलला ठाऊक नसतं.

जाणवणारं तापमान उणे २७-२८ च्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठू शकते. त्या दिवशी मी घरातच जिने चढते-उतरते.

पायाखाली काय आहे

मराठीत भुरभुरणारा तोही बर्फ आणि फ्रीजमधला तोही बर्फ. पळणाऱ्याचं त्याने भागत नाही. मी आणि भाच्याने मिळून आमच्यापुरती नावं पाडली आहेत, आणि पळताना जो पुढे असेल तो ओरडून मागच्याला सांगतो.

कापूस म्हणजे रात्री पडलेला ताजा, हलका बर्फ. घोट्याच्या खाली असेल तर याच्यासारखं सुख नाही. पाऊल मऊ पडतं, पकड चांगली मिळते. फक्त खाली काय दडलंय ते दिसत नाही, म्हणून ओळखीच्याच रस्त्यावर कापसात पळायचं. भुसा म्हणजे चार जणांनी तुडवलेला, सैल, सरकणारा. यात पाऊल मागे घसरतं आणि पोटऱ्या दुखतात. पापुद्रा फसवा असतो: वरून टणक, पाय दिला की कचकन मोडतो आणि घोट्याला खरचटतं, त्यात पळू नका, चाला. दाबून सपाट झालेल्या, टणक पांढऱ्या बर्फाला आम्ही फरशी म्हणतो. मग राडा, म्हणजे अर्धवट वितळलेला करडा चिखल. आणि काच.

राड्याबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळतो, म्हणजे ते खारं पाणी शून्यापेक्षाही गार असतं. त्यात एकदा पाय भिजला की कोरड्या बर्फात तासभर पळूनही होणार नाही इतका तो दहा मिनिटांत बधिर होतो. त्यामुळे राडा दिसला की मी वळसा घालते, मग भले चार पावलं खोल कापसातून जावं लागो. शिवाय साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही आणि उणे २१ च्या पुढे अजिबात नाही. कडाक्याच्या थंडीत मीठ टाकलेला रस्ता दिसला तरी त्यावर विसंबून राहायचं नाही.

काच ही सगळ्यांत वाईट. पातळ, पारदर्शक थर, खालचा काळा रस्ता आरपार दिसतो आणि वाटतं, रस्ता नुसता ओला आहे. शून्याच्या खाली रस्ता ओला दिसला की तो ओला नाही, गोठलेला आहे असंच धरायचं. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरूनही थंड हवा लागते आणि खालूनही, जमिनीची ऊब मिळत नाही. चार वर्षांपूर्वी मी अशाच एका छोट्या पुलावर पडले. अलीकडचा रस्ता कोरडा, पलीकडचा कोरडा, मधली वीस पावलं काच. पडताना हात सरळ ताणून पुढे केला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हापासून पूल आला की मी चालते, मग मागून कुणी येत असो नसो.

आणखी एक उलटं वाटणारं. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे २० च्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ, सैल थर असतो, त्यावरून आपण घसरतो. थंडी वाढत गेली की तो थर कमी होतो आणि बूट पकड घेतो. इथेही ओलच. दिवसा सूर्याने वितळलेलं, संध्याकाळी पुन्हा गोठलेलं, अशा वेळी मी बाहेर पडत नाही. सकाळ कितीही गार असली तरी जास्त भरवशाची. आणि गोठणारा पाऊस पडत असेल, म्हणजे थेंब रस्त्यावर पडताक्षणी बर्फ होत असतील, तर त्या दिवशी पळणं नाही. याला अपवाद नाही.

डोळ्यांइतकाच कानांचा उपयोग करा. साधारण उणे १० च्या खाली पायाखालचा बर्फ कुरकुरतो, नव्या चामड्याच्या चपलेसारखा. कण इतके कडक असतात की ते दबून वितळत नाहीत, मोडतात. तो आवाज आला की पकड चांगली आहे, जरा मोकळं पळा. आवाज मऊ होत फसफस झाला की बर्फ ओला होतोय. आणि पाऊल टाकल्यावर काहीच आवाज आला नाही तर ताबडतोब सावध व्हा, कारण काचेला आवाज नसतो. कानात गाणी लावून बर्फात पळू नका असं मी सांगते त्याचं हे एक कारण. दुसरं, ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो, मागून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही.

पेंग्विनसारखं पळा

हे वाचून हसू येईल, पण पेंग्विनला बर्फावर चालता येतं आणि आपल्याला शिकावं लागतं. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या पुढे पडते आणि तिथूनच पाय निसटतो. पावलं आखूड करा, इतकी की प्रत्येक पाऊल कमरेच्या बरोबर खाली पडेल. टाच आणि चवडा एकदमच टेकवा. गुडघे किंचित वाकलेले, दोन पायांमधलं अंतर नेहमीपेक्षा चार बोटं जास्त, हात अंगापासून जरा लांब. पावलांची गती मात्र वाढवायची, म्हणजे एका पायावर भार राहण्याचा वेळ कमी होतो. वळणावर वेग आधी कमी करा, वळता वळता नाही. काचेवर सापडलातच तर ब्रेक मारू नका, दिशा बदलू नका, पाय सपाट टाकत सरळ पुढे जा.

पडणार हे कळलं तर हात पुढे ताणू नका. कोपर वाकवा, हनुवटी छातीशी घ्या आणि कुशीवर, मांसल भागावर पडा. माझं मनगट मोडल्यावर मी हे गालिच्यावर कितीतरी वेळा करून बघितलं. शरीराला सवय नसेल तर ऐन वेळी आठवत नाही.

आणि घड्याळातला वेग बघायचा नाही. भुशात पळताना किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट जास्त लागतं आणि मेहनत तेवढीच होते. मी बर्फात अंतर ठरवतच नाही, वेळ ठरवते: चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक बर्फातून जड लष्करी बूट घालून सराव करायचा आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. बूट त्याचे त्यालाच राहू द्या, पण बर्फातला संथ सराव वाया जात नाही एवढं त्यावरून नक्की घ्या.

बुटाला स्क्रू

बर्फासाठी बाजारात दोन गोष्टी मिळतात. तळाला आधीच धातूचे खिळे बसवलेले बूट, आणि नेहमीच्या बुटावर ओढून घालायची रबरी जाळी, तिला साखळी किंवा छोटे दात असतात. जाळी चांगली, पण मऊ बर्फात ती कधीकधी निसटते, आणि मोकळ्या डांबरी रस्त्यावर तिच्यामुळे पाय अवघडतात.

मी गेली सहा वर्षं जुन्या बुटांना स्क्रू मारते. पत्र्याला लावायचे, षटकोनी डोक्याचे, साधारण १ सेंटीमीटर लांबीचे स्क्रू घ्यायचे. डोक्याच्या कडा टोकदार हव्यात, कारण पकड डोकं घेतं. आधी तळाची जाडी नीट बघा: तळ आणि आतला फोम मिळून स्क्रूच्या लांबीपेक्षा बराच जाड हवा. तळात हवेचे किंवा जेलचे कप्पे असतील तर त्या बुटाला हात लावू नका. स्क्रू कडेकडेने मारायचे, चवड्याच्या भोवती सात-आठ, टाचेभोवती चार-पाच. मधोमध नको, तिथे पायाला टोचतात. सगळे बसवले की हात आत घालून बोटांनी चाचपडून बघायचं. भाच्याने पहिल्या बुटात एक स्क्रू तिरका मारला होता आणि त्याचं टोक आतल्या सोलला येऊन टेकलं होतं. पायाला लागायच्या आधी बोटाला लागलं, बरं झालं.

हे बूट घालून घरात शिरू नका. बर्फावर घोरपडीसारखी पकड देणारे हे स्क्रू गुळगुळीत फरशीवर बर्फापेक्षा जास्त घसरतात. बूट काढायला दाराशीच स्टूल ठेवा.

बूट अर्धा नंबर मोठा असू द्या, म्हणजे लोकरीचे मोजे घालूनही बोटं हलतील. दोन जोड्या मोजे घालून बूट आवळला की रक्त नीट खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. थंडीत फोमही कडक होतो, पहिला किलोमीटर लाकडावर पळाल्यासारखा वाटेल. तेवढ्यासाठी बूट रात्री बाहेर ठेवू नका, घरात ठेवा.

नाक, कान, बोटं

नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल आणि बोटांची टोकं, ही आधी जातात. दुखणं थांबून बधिर झालं, तिथे मेणासारखा फिकट डाग दिसला की ती हिमदंशाची सुरुवात. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी एकमेकांकडे बघतो. भुवया आणि पापण्या पांढऱ्या होतात, ते काही नाही, श्वासाची वाफ गोठते. फोटो काढण्यासारखं दिसतं, काढाही. पण पांढऱ्या केसांखालची कातडी लाल असायला हवी, पांढरी नाही.

डाग दिसला तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. गोठलेल्या पेशी चोळल्याने फाटतात. गरम तळवा त्यावर नुसता ठेवा, बोटं काखेत घाला आणि आत जा. बधिरपणा जात नसेल, कातडी टणक लागत असेल तर डॉक्टर गाठा. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर ती जागा वितळवायचीही नाही, वितळून पुन्हा गोठलेली कातडी जास्त बिघडते.

शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की तो हायपोथर्मिया. सोबतीचं बोलणं जड झालं, चेन लावता येईना, पाय अडखळायला लागले, तो उगाच चिडायला लागला, तर पळणं तिथेच थांबवून त्याला आडोशाला न्या. कुडकुडणं आपोआप थांबलं तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, उलट तेव्हा मदत बोलवायची असते.

हिवाळ्यात अंधार लवकर होतो. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पडणाऱ्या बर्फावर उलटून डोळ्यांत येतो, म्हणून बर्फ पडत असताना दिवा कमरेला बांधा, जमिनीचे उंचसखल भागही त्याने जास्त स्पष्ट दिसतात. पाठीला लाल दिवा. गाड्यांकडे तोंड करून पळा आणि त्यांना थांबायला नेहमीपेक्षा खूप जास्त जागा लागते हे धरून चाला. रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असले तर चालकाला तुम्ही दिसतच नाही. ऊन असेल तर गॉगल लावा, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांतले सुमारे ८० टक्के परत फेकतो. हनुवटीखालीही सनस्क्रीन लावावं लागतं.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत. गार पडला की भरलेली बॅटरीही दगा देते आणि घामानेही तो भिजतो. तासाभरापेक्षा जास्त पळणार असाल तर पाणी घ्या, थंडीत तहान जाणवत नाही पण घाम जातोच. बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठतं, त्यामुळे बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

घरी आल्यावर

दारातून आत आल्यावर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. बूट काढायचे आणि थेट ओले कपडे उतरवायचे. स्ट्रेचिंग नंतर, मोबाइल नंतर, पळालेलं कुणाला सांगणं तर फार नंतर. अंग पुसून कोरडं करा, कोरडे मोजे आणि टोपी घाला, गरम काहीतरी प्या, मग बसा. बोटं बधिर असताना कढत पाण्याखाली धरू नका, भाजलं तरी कळत नाही. कोपराने बघून कोमट वाटेल इतपतच पाणी घ्या.

भाचा आता न सांगता हे करतो. गेल्या आठवड्यात आम्ही उणे ९ मध्ये पन्नास मिनिटं पळालो. त्याच्या अंगावर एक पातळ लोकरीचा थर आणि विंडचीटर, एवढंच. दारात उभा राहून कुडकुडत म्हणाला, "मावशी, चल लवकर, थंडी वाजतेय." मला फार बरं वाटलं. परत आल्यावर त्याने आतला शर्ट काढून माझ्या हातात दिला. पाठीमागे तळहाताएवढा दमट डाग होता, बाकी सगळा कोरडा.

राहिले बूट. आतला सोल काढून वेगळा वाळत टाका, नाड्या सैल करा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे अगदी पुढच्या टोकापर्यंत कोंबा. हीटरवर ठेवू नका, गोंद सुटतो. तासाभराने ते बोळे ओले झालेले असतील. ते काढून कोरडे भरा, आणि झोपायच्या आधी आणखी एकदा बदला.